मोरीच्या पोटात बोत नसतो

घोळ मासा चिरला की कोळीण आधी त्याचा बोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, जपून बाजूला काढते. बोताला मोठा भाव येतो. मोरीच्या पोटात मात्र बोत नसतो. मोरी म्हणजे शार्कच. एवढीशी ही उणीव, पण समुद्रात शार्कचा माग काढणाऱ्यांना तिने फार छळले आहे.

१९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली. त्याच वर्षी लुईस रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने पडसादावरून पाण्यातला अडथळा ओळखण्याच्या कल्पनेचे पेटंट मागितले. पुढे पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने क्वार्ट्झच्या स्फटिकातून ध्वनिलहरी सोडून पाणबुडीचा ठाव घेतला. समुद्रात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. पडसाद परतायला लागलेल्या वेळावरून अंतर कळते. हेच सोनार.

त्याच युद्धाच्या काळात, जुलै १९१६ मध्ये, अमेरिकेतील न्यू जर्सीत शार्कने १२ दिवसांत चौघांचा बळी घेतला. लोकांच्या हाती तेव्हा होती जाळी, बंदुका आणि सुरुंग. १९३७ पासून सिडनीच्या किनाऱ्यांवरही जाळी लागली. ती किनारा पुरता बंद करत नाहीत आणि त्यांत डॉल्फिन, कासवेही अडकून मरतात. मग मारण्याऐवजी शार्क वेळीच ओळखता आला तर?

मासे सोनारवर दिसतात, हे नॉर्वेच्या ऑस्कर सुंद यांनी १९३५ मध्येच दाखवले होते. २०१४ साली ऑस्ट्रेलियात सोनार जोडलेला बोयाही पुढे आला. शार्क दिसताच जीवरक्षकाला संदेश जावा, ही योजना. पण माशाचा पडसाद उमटतो तो मुख्यतः त्या हवेच्या पिशवीवरून. ती नसलेल्या शार्कचा पडसाद क्षीण. त्यात किनाऱ्याशी फुटणाऱ्या लाटांच्या बुडबुड्यांचा कल्लोळ!

म्हणून दुसरी युक्ती निघाली. शार्कच्या अंगावरच ध्वनी सोडणारी खूण बसवायची आणि बोयाने ती ऐकायची. न्यू साउथ वेल्समध्ये असे बोये आहेत. जोडीला आकाशातून ड्रोनची नजर असते. मात्र खूण नसलेला शार्क या बोयांना ऐकू येत नाही.

मला या इतिहासातून एकच सांगायचे आहे. यंत्र गप्प आहे, याचा अर्थ पाणी मोकळे आहे असा नव्हे. जाळी हटवायची असतील, तर ही यंत्रे सुधारायलाच हवीत. तोवर जीवरक्षकाची शिट्टी वाजली की पाण्याबाहेर यावे, हे बरे.