छत्तीसगढ काँग्रेस : नेतृत्वाची स्पर्धा आणि विस्कटलेली मतदारांची मोट

रायपूर : छत्तीसगढमध्ये 2018च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने 90 पैकी 68 जागा जिंकल्या, पाच वर्षांनी त्या 35 वर आल्या. या दोन निकालांच्या मधल्या काळात मुख्यमंत्रिपदावरून पक्षात झालेली ओढाताण हेच पराभवाचे कारण, असे सर्रास सांगितले जाते. मतांचे आकडे आणि विभागवार निकाल एकत्र पाहिले तर हे उत्तर अर्धेच खरे असल्याचे दिसते.

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण हे प्राथमिक फेरीत ठरते आणि हरलेल्या उमेदवाराचे समर्थक मुख्य लढतीत पक्षासोबत राहतात की नाही, याचा अंदाज मतदानापूर्वी येऊ शकतो. 2008 मध्ये बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यातील दीर्घ लढतीनंतरही डेमोक्रॅटिक पक्षाची मोट टिकली. भारतात काँग्रेसने 2014च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी लातूरसह मोजक्या मतदारसंघांत असा प्रयोग केला, तो पुढे रुजला नाही. राज्यांतील नेतृत्वाची स्पर्धा बहुधा निकालानंतर सुरू होते आणि तिचा निवाडा दिल्लीत होतो. मतदाराने मत दिलेले असते एका आशेवर आणि निर्णय येतो दुसराच, अशी स्थिती त्यातून उद्भवते.

छत्तीसगढमध्ये ही परंपरा राज्याइतकीच जुनी आहे. 1 नोव्हेंबर 2000 रोजी राज्य स्थापन झाले तेव्हा विद्याचरण शुक्ल यांना डावलून अजित जोगी यांना मुख्यमंत्री करण्यात आले. शुक्ल घराणे मराठी वाचकांना अपरिचित नाही : विद्याचरण यांचे वडील रविशंकर शुक्ल हे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताचे मुख्यमंत्री होते. 2003च्या निवडणुकीपूर्वी विद्याचरण राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले. त्या पक्षाला जागा एकच मिळाली, पण मते सुमारे 7 टक्के. भाजप आणि काँग्रेस यांच्यातील अंतर तेव्हा जेमतेम अडीच टक्क्यांचे होते. त्यानंतर काँग्रेस पंधरा वर्षे सत्तेबाहेर राहिली.

त्या पंधरा वर्षांत पक्षाचा पाया नाहीसा झाला नव्हता. त्याचे घटक एकाच वेळी एकत्र येत नव्हते, एवढेच. 2013 मध्ये काँग्रेसने बस्तरमधील 12 पैकी 8 आणि सरगुजा विभागातील 14 पैकी 7 जागा जिंकल्या, मात्र अनुसूचित जातींसाठी राखीव 10 जागांपैकी एकच तिच्या हाती आली. दोन्ही पक्षांच्या मतांतील अंतर एका टक्क्याहूनही कमी होते. त्याच वर्षी 25 मे रोजी झीरम घाटीतील माओवादी हल्ल्यात प्रदेशाध्यक्ष नंदकुमार पटेल आणि महेंद्र कर्मा मारले गेले. जखमी झालेले विद्याचरण शुक्ल यांचे पुढील महिन्यात निधन झाले. राज्यातील नेतृत्वाची एक फळीच त्यात संपली.

2016 मध्ये जोगी यांनी वेगळा पक्ष काढला आणि 2018 मध्ये बहुजन समाज पक्षाशी युती केली. काँग्रेसने मुख्यमंत्रिपदाचा चेहरा जाहीर केला नाही. पाटणचे भूपेश बघेल प्रदेशाध्यक्ष, अंबिकापूरचे त्रिभुवनेश्वर शरण सिंहदेव विरोधी पक्षनेते व जाहीरनामा समितीचे प्रमुख, शिवाय साहू समाजातील ताम्रध्वज साहू आणि सक्तीचे चरणदास महंत, असे चार दावेदार होते. आपलाच नेता मुख्यमंत्री होईल, असे चारही नेत्यांच्या पट्ट्यांतील मतदारांना वाटू शकत होते. कर्जमाफी आणि धानाला क्विंटलमागे 2,500 रुपये या आश्वासनांनी बाकीचे काम केले. सरगुजातील सर्व 14 आणि बस्तरमधील 11 जागा काँग्रेसकडे आल्या. अनुसूचित जमातींच्या 29 राखीव जागांपैकी 25 आणि अनुसूचित जातींच्या 10 पैकी 7 तिने जिंकल्या.

दिल्लीत अनेक दिवस चाललेल्या खलबतांनंतर 17 डिसेंबर 2018 रोजी बघेल यांनी शपथ घेतली. सिंहदेव आणि साहू मंत्री झाले, महंत विधानसभा अध्यक्ष. अडीच-अडीच वर्षांच्या वाटणीची चर्चा तेव्हापासून सुरू झाली. पक्षाने ती कधीही अधिकृतपणे मान्य केली नाही. जून 2021 मध्ये अडीच वर्षे पूर्ण होताच वाद उघड झाला आणि ऑगस्टमध्ये बघेल समर्थक आमदारांनी दिल्ली गाठली. नेतृत्वबदल झाला नाही. जुलै 2022 मध्ये सिंहदेव यांनी प्रधानमंत्री आवास योजनेतील घरांसाठी निधी न मिळाल्याचा मुद्दा मांडत पंचायत खाते सोडले. म्हणजे विरोधकांच्या प्रचाराचा मुद्दा मंत्र्याच्या राजीनामापत्रातच लिहून मिळाला. 28 जून 2023 रोजी त्यांना उपमुख्यमंत्री करण्यात आले, तेव्हा निवडणूक पाच महिन्यांवर होती.

3 डिसेंबर 2023च्या निकालात भाजपला 54, काँग्रेसला 35 आणि गोंडवाना गणतंत्र पक्षाला एक जागा मिळाली. येथे आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. काँग्रेसची मते सुमारे 43 टक्क्यांवरून 42.2 टक्क्यांवर, म्हणजे अगदी थोडी घसरली. भाजपची मात्र 33 वरून 46.3 टक्क्यांवर गेली. जोगी आणि बसप यांच्या युतीकडे 2018 मध्ये वळलेली 11 टक्क्यांहून अधिक मते तोवर बहुतांशी मोकळी झाली होती. जोगी यांचे मे 2020 मध्ये निधन झाले होते. तिरंगी लढत दुरंगी झाली आणि तिसऱ्याकडे गेलेल्या मतांचा मोठा वाटा भाजपच्या पदरात पडला. राज्यपातळीवर पाहता काँग्रेसची मोट फुटली असे म्हणणे कठीण आहे.

सरगुजात मात्र ती फुटली. 14 पैकी 14 जागा जिंकणाऱ्या पक्षाला तेथे एकही जागा राखता आली नाही. सिंहदेव स्वतः अंबिकापूरमध्ये राजेश अग्रवाल यांच्याकडून 94 मतांनी हरले. हसदेव अरण्यातील कोळसा खाणींविरोधातील असंतोष, घरकुलांचा प्रश्न आणि धर्मांतराचा वाद ही कारणेही तेथे होती, त्यामुळे सगळा दोष नेतृत्वाच्या भांडणावर टाकता येत नाही. तरीही बस्तरमध्ये असेच प्रश्न असताना काँग्रेसने 12 पैकी 4 जागा राखल्या. उत्तरेतील संपूर्ण पाटी कोरी होण्यामागे डावलले गेल्याची भावना होती, हे नाकारणे अवघड आहे. मैदानी भागात साहू मतदारांच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो. ऑगस्ट 2022 मध्ये भाजपने अरुण साव यांना प्रदेशाध्यक्ष केले. दुर्ग ग्रामीणमध्ये ताम्रध्वज साहू पराभूत झाले, तर साजा येथे बिरनपूरच्या हिंसाचारात मुलगा गमावलेल्या ईश्वर साहू यांनी ज्येष्ठ मंत्री रवींद्र चौबे यांना हरवले.

उलट चित्र जांजगीर-चांपा आणि सक्ती या जिल्ह्यांत दिसले. तेथील सहाही जागा काँग्रेसने जिंकल्या. त्यांत 2018 मध्ये बसपकडे असलेल्या पामगढ आणि जैजैपूर या दोन जागाही होत्या. अनुसूचित जातींच्या 10 राखीव जागांपैकी 6 तिच्याकडे राहिल्या. मुख्यमंत्रिपदाचे चौथे दावेदार महंत याच भागातले. त्यांनी आपला दावा सार्वजनिक भांडणाचा विषय होऊ दिला नव्हता.

उमेदवारी ठरवताना पक्षाने गटपातळीवर अर्ज मागवले. मंत्र्यांनाही अर्ज करावा लागला. शेवटी 22 विद्यमान आमदारांची तिकिटे कापली गेली आणि नाराजी उफाळली. रायपूर शहर उत्तरमध्ये अजित कुकरेजा बंडखोर म्हणून उभे राहिले. राजधानीच्या चारही जागा भाजपने जिंकल्या. 2018 मध्ये त्यांपैकी तीन काँग्रेसकडे होत्या. धानाला क्विंटलमागे 3,100 रुपये आणि विवाहित महिलांना वर्षाला 12,000 रुपये या भाजपच्या आश्वासनांचा प्रभाव शहराबाहेर अधिक जाणवला.

13 डिसेंबर 2023 रोजी कुनकुरीचे आमदार विष्णुदेव साय मुख्यमंत्री झाले. कुनकुरी सरगुजा विभागातच येते. 2018 मध्ये त्या भागाला हवे असलेले पद असे दुसऱ्या पक्षातून मिळाले. 2024च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने 11 पैकी केवळ कोरबाची जागा जिंकली. फेब्रुवारी 2025 मध्ये रायपूरसह दहाही महापालिकांत भाजपचे महापौर निवडून आले. काँग्रेसचे प्रदेशाध्यक्षपद जुलै 2023 मध्ये बस्तरच्या दीपक बैज यांच्याकडे आले, विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपद महंत यांच्याकडे गेले, बघेल पाटणचे आमदार आहेत. पुढील विधानसभा निवडणूक 2028च्या अखेरीस अपेक्षित आहे.