खासगी शाळा, पंचविशीतले शिक्षक: पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलची पहिली दहा वर्षे

थ्रेड

१/ जानेवारी १८८०. पुण्याच्या बुधवार पेठेत, मोरोबादादांच्या वाड्यात एक नवी शाळा भरली. नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’. शाळेला स्वतःची इमारत नव्हती, सरकारी अनुदान नव्हते, पाठीशी कोणी संस्थानिकही नव्हता. होते ते शिक्षक. त्यांतील बहुतेक जण पंचविशीच्या आतबाहेरचे. हे शिक्षक कोणत्या घरांतून आले, शाळेत कोणी कोणते काम उचलले आणि दहा वर्षांत त्यांच्यात फूट का पडली, याची ही कहाणी.

२/ आधी त्या काळची शाळा समजून घेऊ. मुंबई इलाख्यात मुले प्रथम मराठी इयत्ता शिकत. त्यानंतर ‘इंग्रजी पहिली’ सुरू होई. इंग्रजी पहिली ते तिसरी हा मधला टप्पा, म्हणजे मिडल स्कूल. चौथी ते सातवी हे हायस्कूल, आणि शेवटी मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक. ही परीक्षा उतरली की कारकुनी, वकिली, महाविद्यालय अशा सगळ्या वाटा खुल्या होत. त्यामुळे पालक शाळेची पारख मॅट्रिकच्या निकालावरूनच करीत.

३/ अशा शाळा तीन प्रकारच्या होत्या. सरकारी शाळेत शिक्षक हा शिक्षण खात्याचा नोकर असे. खाते म्हणेल तिथे बदली आणि लिहिण्या-बोलण्यावर वरिष्ठांची नजर. मिशनरी शाळेत अभ्यासाबरोबर बायबलही असे. तिसरा प्रकार एतद्देशीयांनी चालवलेल्या खासगी शाळांचा. पुण्यात अशी शाळा काढणारे हे पहिलेच लोक नव्हेत. वामन प्रभाकर भावे, लक्ष्मण नरहर इंदापूरकर आणि वासुदेव बळवंत फडके यांनी ‘पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन’ याआधीच उभी केली होती. होय, तेच वासुदेव बळवंत, ज्यांना १८७९ मध्ये बंडाबद्दल पकडण्यात आले.

४/ खासगी शाळेला स्वातंत्र्य मिळे, पण ते फुकट नसे. फी आली तर भाडे, निकाल लागला तर फी. म्हणून अशा शाळेत शिक्षकाला केवळ शिकवून भागत नसे. व्यवस्थापक, हिशेबनीस, वर्गणी गोळा करणारा, पाठ्यपुस्तक लिहिणारा अशा सगळ्या भूमिका त्यालाच पार पाडाव्या लागत. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये या भूमिका कशा वाटल्या गेल्या, ते आता एकेका व्यक्तीच्या निमित्ताने पाहू.

५/ विष्णुशास्त्री चिपळूणकर (जन्म १८५०). मंडळींत वयाने सर्वांत वडील. वडील कृष्णशास्त्री हे नामवंत विद्वान आणि स्वतः शिक्षण खात्यातले. विष्णुशास्त्री डेक्कन कॉलेजचे पदवीधर, सरकारी शाळेत शिक्षक आणि १८७४ पासून ‘निबंधमाला’ या मासिकाचे कर्ते. त्यांच्या लेखणीतून सरकारही सुटत नसे आणि मिशनरीही. पुढे त्यांची बदली रत्नागिरीस झाली. १८७९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि पुण्यात स्वतःची शाळा काढण्याचे ठरवले. नव्या शाळेला त्यांनी सर्वांत मोलाची गोष्ट दिली, ती म्हणजे आपले नाव. ‘मालाकारांची शाळा’ म्हटल्यावर पालकांचा विश्वास बसला.

६/ बाळ गंगाधर टिळक (जन्म १८५६). हेही शिक्षकाचेच चिरंजीव. वडील गंगाधरपंत शाळामास्तर होते आणि पुढे शिक्षण खात्यात तपासणीच्या कामावर गेले. टिळक सोळा वर्षांचे असताना वडील वारले. गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. आणि १८७९ मध्ये एलएल.बी. वकिलीत पैसा होता, तरीही त्यांनी वर्ग निवडला. शाळेत त्यांच्याकडे मुख्यतः गणित आले, जोडीला संस्कृत. पुस्तकातील उदाहरण फळ्यावर पायरीपायरीने मांडण्यापेक्षा ते तोंडी सोडवण्याकडे त्यांचा कल असे. हुशार मुले यावर खूश असत, बाकीच्यांची मात्र दमछाक होई.

७/ वामन शिवराम आपटे (जन्म १८५८). सावंतवाडीकडच्या भागातले, बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपलेले, कोल्हापुरात शिकलेले. संस्कृतचे असाधारण विद्वान. शाळेच्या सुपरिंटेंडंटची, म्हणजे प्रत्यक्ष कारभाराची जबाबदारी त्यांच्याकडे आली. वेळापत्रक, शिस्त, परीक्षा, वर्गावर देखरेख हे सारे ते पाहत. हे करीत असतानाच त्यांनी संस्कृत रचनेवरील विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक पुस्तक (१८८१) लिहिले आणि पुढे तो प्रसिद्ध संस्कृत-इंग्रजी कोश (१८९०) सिद्ध केला. आजही जगभर वापरला जाणारा हा कोश शाळा-कॉलेजचा कारभार सांभाळणाऱ्या माणसाने केला आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

८/ महादेव बल्लाळ नामजोशी. या मंडळीतले सर्वांत कमी आठवले जाणारे नाव. इतरांसारख्या मोठ्या पदव्या त्यांच्यापाशी नव्हत्या. पण वृत्तपत्र चालवण्याचा अनुभव होता, माणसे जोडण्याची हातोटी होती आणि उद्योगधंद्यांच्या शिक्षणाची तळमळ होती. दक्षिणेतील संस्थानिकांकडे, सरदारांकडे, इंग्रज अधिकाऱ्यांकडे जाऊन संस्थेसाठी निधी मिळवण्याचे काम प्रामुख्याने त्यांनी केले. प्रत्येक खासगी शाळेला एक विद्वान लागतो तसा एक नामजोशीही लागतो. शाळेच्या इतिहासात मात्र विद्वानाचे तैलचित्र लागते आणि नामजोशी तळटीपेत जातात.

९/ गोपाळ गणेश आगरकर (जन्म १८५६). कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, घरची अत्यंत गरिबी. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण केलेली. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालावा लागे, असे त्यांच्या कॉलेजच्या दिवसांबद्दल सांगितले जाते. शाळेची कल्पना डेक्कन कॉलेजात टिळकांबरोबर रात्र रात्र चर्चा करून त्यांनीच घडवली होती. एम.ए.चा अभ्यास पुरा करून १८८१ च्या आरंभी ते शाळेत आले. मुलगा शिकून मोठ्या पगारावर जाईल या आशेवर असलेल्या आईला त्यांनी पत्राने कळवले, की आपण पोटापुरत्या पैशात समाधान मानून लोकहिताच्या कामाला वाहून घेणार आहोत. ज्या घराने सगळे पणाला लावून मुलगा शिकवला, त्या घरात हे पत्र कसे वाचले गेले असेल?

१०/ वासुदेव बाळकृष्ण केळकर. इंग्रजीचे शिक्षक. शेक्सपिअरच्या नाटकावरून त्यांनी केलेले ‘त्राटिका’ मराठी रंगभूमीवर गाजले. आगरकरांनीही ‘हॅम्लेट’ला ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले. या शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत एकाच वेळी संस्कृत कोश, शेक्सपिअर, गणित आणि तर्कशास्त्र नांदत होते. इंग्रजी विद्या घ्यायची, पण ती आपल्या भाषेत मुरवायची, ही या शिक्षकांची रीत होती.

११/ शाळा उघडून वर्ष होते न होते तोच, जानेवारी १८८१ मध्ये याच शिक्षकांनी दोन पत्रे सुरू केली. मराठीत ‘केसरी’, इंग्रजीत ‘मराठा’. दिवसा वर्ग, रात्री मजकूर आणि मुद्रिते. लहानांसाठी शाळा आणि मोठ्यांसाठी वृत्तपत्र, असा हा विचार होता. सरकारी शिक्षकाला हे स्वप्नातही शक्य नव्हते. या स्वातंत्र्याची किंमतही लवकरच मोजावी लागली.

१२/ १८८२ हे कसोटीचे वर्ष ठरले. १७ मार्चला विष्णुशास्त्री अवघ्या ३१ व्या वर्षी वारले. त्याच वर्षी कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांनी लावलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्या जामिनासाठी महात्मा फुले यांचे सहकारी रामशेठ उरवणे पुढे आले होते. जुलै ते ऑक्टोबर असे १०१ दिवस दोघे डोंगरीच्या तुरुंगात राहिले. गणिताचे मास्तर तुरुंगात आणि वर्ग मात्र चालू, अशी अवस्था आपटे आणि इतरांनी निभावून नेली. शाळा बंद पडली नाही. उलट तिची कीर्ती वाढली.

१३/ त्याच वर्षी हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोग पुण्यात आला. आपट्यांनी शाळेच्या वतीने साक्ष दिली. सरकारी मदतीवाचून चाललेल्या या शाळेचे हंटर यांनी मनापासून कौतुक केले. एतद्देशीय पदवीधर स्वबळावर उत्तम शाळा चालवू शकतात, हे आता सरकारदरबारी मान्य झाले.

१४/ पण त्याच आयोगापुढे, त्याच शहरातून, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनीही निवेदन दिले. टिळक-आगरकर त्या दिवशी तुरुंगातच होते. फुल्यांचा प्रश्न वेगळा होता. उच्च शिक्षणावर पैसा खर्च होतो आणि तो ज्यांच्याकडून करापोटी येतो त्या शेतकऱ्याचे मूल निरक्षर राहते. शिक्षक एकाच जातीचे आहेत. प्राथमिक शाळांना कष्टकरी वर्गातून आलेले, त्या मुलांत मिसळणारे शिक्षक हवेत, असे त्यांचे म्हणणे होते.

१५/ हा आरोप न्यू इंग्लिश स्कूललाही लागू पडतो. वर दिलेली सगळी नावे पुन्हा वाचा. सारे पुरुष, सारे ब्राह्मण. गरिबी आगरकरांनीही भोगली, पण अक्षरांची परंपरा घरात असणे ही वेगळी पुंजी असते. विष्णुशास्त्र्यांनी तर ‘निबंधमाले’त फुल्यांवर कडवट टीका केली होती. या शिक्षकांचा त्याग खरा होता आणि त्यांच्या शाळेचे दार अरुंद होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. इतिहास शिकताना त्यांतली सोयीची एकच उचलण्याचा मोह टाळावा लागतो.

१६/ पुढे शाळेचा व्याप वाढला. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी ‘डेक्कन एज्युकेशन सोसायटी’ स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आपटे त्याचे प्राचार्य झाले. सोसायटीची रचना अभिनव होती. संस्थेचे मालक कोणी सावकार नव्हे, तर शिक्षकच. त्यांना ‘आजीव सभासद’ म्हणत. अट अशी की २० वर्षे सेवा करायची आणि दरमहा सुमारे ७५ रुपयांत भागवायचे. याच जानेवारीत १८ वर्षांचा एक नवा पदवीधर ३५ रुपयांवर शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून आला. गोपाळ कृष्ण गोखले.

१७/ गोखल्यांची पार्श्वभूमीही हीच कथा सांगते. वडील लवकर गेले. थोरले बंधू गोविंदराव कागलला १५ रुपयांच्या नोकरीत होते आणि त्यांतले ८ रुपये धाकट्याच्या शिक्षणाला पाठवत. अशा घरात नोकरी म्हणजे परतफेडीची सुरुवात. तरीही १८८६ मध्ये गोखले आजीव सभासद झाले. त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास असे लागेल ते विषय शिकवले आणि अंकगणिताचे पाठ्यपुस्तकही तयार केले. ते पुस्तक पुढे कितीतरी शाळांत चालले.

१८/ मग भांडण कशावरून झाले? सामाजिक सुधारणेवरून टिळक आणि आगरकर दुरावले, हे आपण शाळेत शिकतो. ते खरेच आहे. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. पण संस्थेच्या आत वाद पेटला तो शिक्षकाच्या वेळेवरून आणि पगारावरून. टिळकांचे म्हणणे असे, की आजीव सभासदाने जेझुइट पाद्र्यांप्रमाणे सर्व शक्ती संस्थेला द्यावी आणि बाहेरची मिळकत वा व्याप मागे लावून घेऊ नये. इतरांना वाटे, की संसार वाढतो, खर्च वाढतो. ठरलेले काम चोख केल्यावर उरलेला वेळ शिक्षकाचा स्वतःचा आहे.

१९/ १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले आणि हा वाद निकरावर आला. टिळकांनी राजीनामा दिला. ज्या संस्थेसाठी वकिली सोडली, तिच्यातून ते दहा वर्षांत बाहेर पडले. दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही कच्चा नव्हता. टिळक स्वतः वृत्तपत्रांच्या कामात गुंतले होतेच, मग गोखल्यांच्याच सभेला आक्षेप का, असा प्रश्न सहकाऱ्यांना पडणे स्वाभाविक होते.

२०/ बाकीच्यांचे काय झाले? आपटे १८९२ मध्ये, पस्तिशी गाठण्याआधीच वारले. त्यांच्या जागी आगरकर प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी, ३८ व्या वर्षी, तेही गेले. नंतर महादेव शिवराम गोळे यांनी धुरा घेतली. गोखले १९०२ पर्यंत शिकवत राहिले. एक गेला की दुसरा उभा राहावा, ही तजवीज त्या आजीव सभासदांच्या रचनेत होती. म्हणूनच संस्थापक तुटले, वारले, तरी संस्था टिकली.

२१/ आपण यांना लोकमान्य, सुधारक, नामदार म्हणून ओळखतो. पण त्यांचा सार्वजनिक जन्म शिक्षक म्हणून झाला, तोही एका भाड्याच्या वाड्यातील खासगी शाळेत. शिक्षकाने किती पगारात भागवावे, त्याच्या वेळेवर संस्थेचा हक्क किती, त्यागाची अपेक्षा कोणी कोणाकडून करावी, हे त्यांना न सुटलेले प्रश्न होते. टिळक-आगरकरांनी अल्प वेतन स्वतः निवडले होते आणि संस्थेचे मालकही ते स्वतःच होते. आज एखाद्या खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या शिक्षकाला ‘ध्येयवाद’ शिकवताना हा फरक विसरला जातो.

२२/ आणि फुल्यांचा प्रश्नही तसाच उभा आहे: वर्गात समोर बसलेल्या मुलांच्या घरांतून शिक्षक येतो का? तुमच्या शाळेची स्थापना कोणी केली, पहिले शिक्षक कोण होते, कोणत्या घरांतून आले होते, हे शोधून पाहा. जुनी हजेरीपत्रके, वार्षिक अहवाल, कपाटावर धूळ खात पडलेला रौप्यमहोत्सवी अंक अशा ठिकाणी हा इतिहास सापडतो. सापडले तर खाली जरूर लिहा.

थ्रेड समाप्त.