मेंढा (लेखा) : निर्णयाचा हक्क स्वतःकडे ठेवणारे गाव

आदिवासी समाजाच्या उन्नतीचा विषय निघाला म्हणजे आपण बहुधा शाळा, वसतिगृह, दवाखाना, रस्ता व रोजगार अशी यादी करू लागतो. ही यादी चुकीची नाही. परंतु ती कोणी करावयाची, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने तो विचारला आणि त्याचे उत्तर सुमारे चार दशके आपल्या आचरणातून दिले. या गावाची वाटचाल थोडक्यात येथे देत आहोत.

गावाची ओळख

मेंढा हे गाव धानोरा तालुक्यात, गडचिरोली शहरापासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर आहे. शेजारच्या लेखा गावाच्या नावावरून ते मेंढा (लेखा) असे ओळखले जाते. सुमारे शंभर कुटुंबे आणि पाचशेच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या गावातील रहिवासी गोंड समाजाचे आहेत. भातशेती, वनोपज व मजुरी ही त्यांची उपजीविकेची साधने होत. गावाभोवती बांबूचे विपुल जंगल आहे.

जागृतीची सुरुवात

गोदावरी व इंद्रावती या नद्यांवरील नियोजित इंचमपल्ली व भोपालपट्टणम धरणांमुळे आदिवासींची गावे व विस्तीर्ण जंगल पाण्याखाली जाणार होते. त्याविरुद्ध १९८४च्या सुमारास ‘मानव बचाओ, जंगल बचाओ’ आंदोलन उभे राहिले. गोंड समाजाचे नेते लाल श्याम शाह व बाबा आमटे त्यात अग्रभागी होते. पुढे ही धरणे मागे पडली. पण आंदोलनात उतरलेल्या तरुणांच्या मनात एक विचार रुजला. धरण टळले तरी रोजच्या जीवनाचे निर्णय जर दुसरेच घेणार असतील, तर आपण काय मिळविले?

मेंढ्याचे देवाजी तोफा हे या जागृतीतून पुढे आलेले कार्यकर्ते होत. ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल (निधन : जानेवारी २०२५) यांची त्यांना दीर्घकाळ साथ लाभली. मोहनभाऊंनी स्वतःकडे पुढारीपण घेतले नाही. सहाध्यायी म्हणून ते गावासोबत राहिले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा पुढे राज्यभर पोहोचली. तिच्या पूर्वार्धात देशाच्या शासनाविषयी आपलेपणा आहे, तर उत्तरार्धात स्वतःच्या जबाबदारीची कबुली आहे.

घोटुलाची पुनर्स्थापना

घोटुल ही गोंड समाजातील तरुणांच्या संस्काराची व गावाच्या एकत्र येण्याची परंपरागत संस्था होय. बाहेरच्यांच्या गैरसमजांमुळे व उपहासामुळे अनेक गावांत ती लोप पावत चालली होती. मेंढ्याने ती पुन्हा उभारण्याचे ठरविले व परंपरेप्रमाणे जंगलातील लाकूड आणले. वनखात्याने हे लाकूड बेकायदेशीर ठरवून बांधकाम मोडून टाकले. तेव्हा परिसरातील इतर गावेही मेंढ्याच्या पाठीशी उभी राहिली आणि घोटुल पुन्हा उभा झाला. आपली संस्कृती लाज वाटण्याजोगी नाही, हा आत्मविश्वास गावाला या प्रसंगातून लाभला. पुढील आर्थिक लढ्याचे बळ याच आत्मविश्वासात होते.

सर्वसहमती आणि अभ्यासगट

मेंढ्याच्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही गंभीर आक्षेप असेल तर विषय पुढील बैठकीवर जातो. ही रीत वेळखाऊ आहे, हे खरे. परंतु मतदानात हरलेला गट मागे राहत नसल्याने, एकदा झालेला निर्णय टिकतो. ग्रामसभेत स्त्रियांनाही समान स्थान आहे. गावातील दारूबंदीमागे त्यांचाच आग्रह होता.

निर्णयापूर्वी अभ्यास, हे मेंढ्याचे दुसरे वैशिष्ट्य. एखाद्या विषयावर अभ्यासगट बसतो. गरज असेल तर बाहेरचा जाणकार बोलाविला जातो. तो माहिती देतो, निर्णय मात्र गाव घेते. मधमाश्यांना इजा न करता मध कसा काढावा, येथपासून वनविषयक कायद्यांच्या कलमांपर्यंत अनेक विषय या गटांत चर्चिले गेले. फारशी शाळा न शिकलेली माणसेही त्यात बरोबरीने बसली. प्रौढ शिक्षणाचा याहून जिवंत नमुना क्वचितच आढळेल.

बांबूचा प्रश्न

गावाभोवतीच्या बांबूची तोड वर्षानुवर्षे कागद गिरणीसाठी होत असे, आणि गावकऱ्यांना मात्र स्वतःच्या गरजेपुरता बांबू आणतानाही धास्ती वाटे. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा संमत केला. या कायद्याने परंपरेने वनांवर अवलंबून असलेल्या समाजांवर झालेला ऐतिहासिक अन्याय मान्य केला आणि गावाला आपल्या सामूहिक वनाचे रक्षण, व्यवस्थापन व गौण वनोपजाची मालकी यांचा हक्क दिला. मेंढ्याचा अभ्यास तयारच होता. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्काचा दावा मंजूर झाला. देशात असा हक्क प्रथम मिळविणाऱ्या गावांत मेंढा व त्याच जिल्ह्यातील मर्दा यांची गणना होते.

हक्काचा कागद हाती आला, पण बांबू बाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती राहिला. बांबू हे झाड की गवत, हा वाद पुढे आला. वनहक्क कायद्यात तर बांबूची गणना स्पष्टपणे गौण वनोपजात केलेली होती. गावाने चिकाटी सोडली नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेला देण्यात आले. बांबू विकण्याचा अधिकार खऱ्या अर्थाने त्या दिवशी गावाकडे आला. विक्रीचे उत्पन्न ग्रामसभेच्या हाती येऊ लागले आणि ते कशावर खर्च करावे, हेही तिथेच ठरू लागले.

२०१३ साली गावाने महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ अन्वये ग्रामदानाचा निर्णय घेतला. ग्रामदानात जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते. कसण्याचा व वारसाचा हक्क कुटुंबाकडेच राहतो. त्यामुळे अडचणीतल्या कुटुंबाची जमीन बाहेरच्याच्या घशात जाण्यास पायबंद बसतो. या साऱ्या वाटचालीचा सविस्तर वृत्तांत मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात आहे.

अपुरे राहिलेले काम : भाषा

२०११च्या जनगणनेनुसार गोंडी बोलणाऱ्यांची संख्या सुमारे २९.८ लाख आहे. तरीही या भाषेचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. संथाळी व बोडो या भाषांना ते स्थान २००३च्या घटनादुरुस्तीने मिळाले. गोंड मूल शाळेत पहिले पाऊल टाकते तेव्हा तेथील मराठी त्याला परकी असते, आणि पुष्कळदा ते मंद आहे असा शेरा मिळवून मागे पडते. धानोरा तालुक्यातीलच मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा सुरू केली, ती याच वेदनेतून. शासकीय मान्यतेचा प्रश्न तिच्यासमोर उभा राहिला. जंगलावरील हक्क मान्य होऊ शकतो, मग आपल्या भाषेत शिकण्याचा हक्क का नाही, असा प्रश्न या गावांनी आपल्या सर्वांपुढे ठेवला आहे.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रातील १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्रे आहेत. पालघर, ठाणे, नाशिक, नंदुरबार हे जिल्हे त्यांत येतात, आणि आपल्यापैकी अनेकांचा तेथील वारली, कोकणा, काथोडी, भिल्ल बांधवांशी सेवाकार्याच्या निमित्ताने संबंध येतो. वनहक्काचे दावे तेथेही आहेत, ग्रामसभाही आहेत. मेंढ्याची नक्कल करून दुसरे मेंढा घडणार नाही. तेथील जंगल, एकजूट व दीर्घ सोबत प्रत्येक गावाला लाभेलच असे नाही. परंतु सेवेसाठी जाणाऱ्या प्रत्येकाला या गावाकडून एक शिस्त शिकता येईल. कायद्याचे कलम लोकांच्या भाषेत समजावून सांगावे, विचारल्यास माहिती द्यावी, आणि निर्णयाची वेळ आली म्हणजे मागे सरकून बसावे. बैठक लांबली तरी उठून जाऊ नये. गावाला स्वतःचा शब्द सापडण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ देणे हीदेखील सेवाच होय.