भीतीचं वय

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६८ मध्ये सोळा मिनिटांचा एक लघुपट तयार केला. 'चार शहर एक कहानी' हे त्याचं नाव. कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांतली श्रीमंती आणि त्याच शहरांतलं दैन्य शेजारी शेजारी ठेवून दाखवायचं, एवढाच त्याचा विषय. मुंबईच्या भागात रात्रीच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती. अब्बास यांनी सेन्सॉर बोर्डाकडे अर्ज केला तो 'यू' प्रमाणपत्रासाठी, म्हणजे लहानथोर सर्वांना पाहता यावा म्हणून. बोर्डाने दिलं 'ए', फक्त प्रौढांसाठी. अब्बास अपिलात गेले. सरकारने सांगितलं, ती दृश्यं कमी करा, 'यू' देतो. 'आवारा' लिहिणारा माणूस तो, ऐकतो कसला! तो सर्वोच्च न्यायालयात गेला.

खटला सुरू असताना सरकारने माघार घेतली आणि एकही काट न मारता 'यू' देण्याची तयारी दाखवली. दुसरा कुणी असता तर पेढे वाटून घरी आला असता. अब्बास यांनी मात्र अर्जच बदलून घेतला. माझ्या लघुपटाचं मिटलं असेल, पण चित्रपट लोकांसमोर येण्याआधी तो तपासायचा अधिकार सरकारला मुळात आहे का, हे सांगा, असं त्यांनी विचारलं. २४ सप्टेंबर १९७० रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने निकाल दिला आणि या मुख्य मुद्द्यावर अब्बास हरले. पूर्वतपासणी वैध ठरली. मात्र नियम अधिक स्पष्ट हवेत आणि त्यांत कलेचा विचार हवा, असंही न्यायालयाने सुनावलं.

पूर्वतपासणी वैध ठरवताना दिलेलं कारण आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. चित्रपट माणसाच्या भावना इतर कलांपेक्षा अधिक खोलवर ढवळतो, आणि कोवळ्या वयाच्या मनावर तर विशेषच, तेव्हा वयानुसार वर्गवारी करणं योग्य आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

हा जुना खटला मी कपाटातून काढला त्याला निमित्त झालं आमच्या भाईंदरच्या काही महाविद्यालयीन मुलांचं. त्यांनी मोबाइलवर अकरा मिनिटांची एक भयकथा चित्रित केली. सोसायटीच्या सेक्रेटरींना ती आवडली आणि ते म्हणाले, गणपतीत मांडवात पडदा लावून दाखवू या. मुलं माझ्याकडे आली. "सर, याला काही सर्टिफिकेट लागतं का? आणि लागत असेल तर कोणतं घ्यायचं?" मी आयुष्यभर इतिहास शिकवला. त्यामुळे साध्या प्रश्नाला मी १९१८ पासून उत्तर देतो, ही माझ्याबद्दलची जुनी तक्रार आहे. पण इथे खरोखरच १९१८ पासून सुरुवात करावी लागते.

त्या वर्षी इंग्रज सरकारने चित्रपटांचा पहिला कायदा केला आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे तपासणी मंडळं बसवली. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष कोण? पोलीस कमिशनर. यावरूनच लक्षात येईल की भीती कोणाला होती आणि कशाची होती. १९२१ च्या 'भक्त विदुर'मधला विदुर गांधीटोपी घालून दिसला, म्हणून कराची आणि मद्रासमध्ये त्यावर बंदी आली. आपल्या प्रभातला 'स्वराज्य तोरण' या मूकपटाचं नाव बदलून 'उदयकाल' करावं लागलं, आणि १९३५ मध्ये बालगंधर्वांच्या एकनाथावरच्या 'महात्मा'चं 'धर्मात्मा' झालं. पोरांच्या झोपेची काळजी या व्यवहारात फारशी नव्हती.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मात्र भुताखेतांच्या चित्रपटांचा प्रश्न वेगळा काढला गेला होता. 'फ्रँकेन्स्टाइन' १९३१ चा. त्यानंतर लवकरच तिथल्या मंडळाने भयपटांसाठी खास 'एच' अशी खूण सुरू केली. ती १९५१ पर्यंत टिकली. आपल्याकडे तसा स्वतंत्र कप्पा कधीच झाला नाही. १९४९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन 'यू' आणि 'ए' हे दोन वर्ग आले, आणि पुढे १९५२ च्या कायद्यात ते कायम राहिले. म्हणजे एकतर सर्वांसाठी, नाहीतर फक्त मोठ्यांसाठी. मधली पायरी नाही.

योगायोग बघा, त्याच १९४९ मध्ये 'महल' आला. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा. आमच्या मीरा रोडपासून मालाड चौथं स्टेशन. कमाल अमरोही यांच्या या चित्रपटात रक्ताचा एक थेंब नाही आणि शेवटी कळतं की भूतही नाही. असतो तो ओसाड वाडा, झुलता झोपाळा आणि लताबाईंचा दुरून येणारा आवाज. अंगावर काटा येतो तो यामुळेच.

भयपट आणि 'ए' यांची गाठ घट्ट बसली ती रामसे बंधूंच्या काळात. सात भाऊ, त्यांचे वडील, बायकामुलं, सगळे बसमध्ये बसून महाबळेश्वरला जायचे आणि तिथे चित्रीकरण करायचे. १९७२ चा 'दो गज़ ज़मीन के नीचे' असाच झाला. १९८४ च्या 'पुराना मंदिर'ने तर भरपूर धंदा केला. या चित्रपटांत भुताबरोबर स्नानगृहाची दृश्यंही ठरलेली असत. त्यामुळे 'ए' मिळाला तो नेमका कशामुळे, हे प्रेक्षकाला कधी कळलं नाही. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत ते गोलातलं 'ए' अक्षर ठळक छापलं जाई, कारण तीच खरी जाहिरात होती! माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी एकाला आजही 'ए' हवं होतं. "सर, पोस्टरवर भारी दिसतं." चाळीस वर्षांपूर्वीची जाहिरात अजून काम करते आहे, असं म्हणायचं.

मधली पायरी आली जून १९८३ मध्ये. 'यूए', म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांनी आईवडिलांच्या मार्गदर्शनाने पाहावा असा. त्याच वर्षी सेन्सॉर बोर्डाचं नाव बदलून केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ झालं. अमेरिकेलाही अशी पायरी १९८४ मध्ये घालावी लागली. कारण होते 'ग्रेमलिन्स' आणि इंडियाना जोन्सचा 'टेंपल ऑफ डूम'. या दुसऱ्या चित्रपटाची कथा भारतातली, चित्रीकरण मात्र श्रीलंकेतलं, कारण आपल्या सरकारने परवानगी नाकारली होती. त्यात एक पुजारी माणसाच्या छातीतून हृदय काढतो. मुलांना घेऊन गेलेल्या पालकांनी ओरड केली, आणि महिन्या-दोन महिन्यांत तेरा वर्षांची नवी रेघ आखली गेली.

आपल्याकडे १९९१ मध्ये केंद्र सरकारने मंडळासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. हिंसा, क्रौर्य आणि भय यांची निरर्थक किंवा टाळता येण्याजोगी दृश्यं नकोत, असं त्यांत म्हटलं आहे. भयाला जागा मिळाली खरी, पण हिंसा आणि क्रौर्य यांच्या शेजारी, त्यांचंच तिसरं भावंड असल्यासारखी. मला ही मांडणी कधी पटली नाही. हिंसा दिसते, मोजता येते, एवढे सेकंद कापा असं सांगता येतं. भीती पडद्यावर असते तरी कुठे? दाराआडून आलेला आवाज कुणी किती सेकंदांनी कमी करायचा?

शिवाय घरात या रेघा कुणी पाळल्या? १९९३ मध्ये रामसेंचाच 'झी हॉरर शो' दूरचित्रवाणीवर सुरू झाला आणि अख्खी पिढी तो पांघरुणातून एक डोळा बाहेर काढून पाहत वाढली. त्याच वर्षी महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना अमेरिकेच्या 'चाइल्ड्स प्ले'मध्ये येऊन गेली होती, आणि तिथे तो चित्रपट सतरा वर्षांखालच्या मुलांना एकट्याने पाहता येत नव्हता. आपल्याकडे रामदास पाध्ये यांच्या हातच्या तात्या विंचूला मुलं घाबरली, हसली आणि पुन्हा पाहायला बसली. लक्ष्मीकांत बेर्डे बरोबर असल्यावर काळजी कसली!

आणि पुस्तकं? वाचनालयातून नारायण धारपांची कादंबरी किंवा रत्नाकर मतकरींचा गूढकथांचा संग्रह नेणाऱ्या पोराला ग्रंथपालाने कधी वय विचारलं नाही. मी स्वतः शाळेत असताना धारप वाचून परसात जायला घाबरलो आहे. त्याच धारपांच्या कथेचं बीज घेऊन राही अनिल बर्वे यांनी २०१८ मध्ये 'तुंबाड' केला आणि त्याला 'ए' मिळालं. कागदावर चालतं ते पडद्यावर का चालू नये, याचं उत्तर १९७० च्या त्या निकालात आहे. ते पटो न पटो, कायदा त्यावर उभा आहे.

आता मुलांच्या फिल्मकडे येतो. मीरा रोडची एक इमारत, संध्याकाळी वीज गेलेली. एक मुलगा जिना चढतो. प्रत्येक मजल्यावर तेच दार, तीच पाटी. वरून खलबत्त्याचा आवाज येतो, आणि त्याची आजी तर वारली आहे. शेवटी तो दार वाजवतो, आई दार उघडते, त्याच्याकडे पाहते आणि विचारते, "कोण पाहिजे?" संपलं. चित्रीकरण रात्री एकनंतर केलं, तरी शेवटच्या लोकलचा आवाज एका दृश्यात शिरलाच. तो त्यांनी तसाच ठेवला, आणि बरं केलं. आमच्या भागात खाडीवरच्या पुलावरून जाणारी गाडी रात्री फार लांबून ऐकू येते.

पहिल्या जोडणीत त्यांनी मुलाच्या हाताला रक्त लावलं होतं. भयपट आहे तर रक्त पाहिजे, एवढाच विचार. कॅमेरा धरणाऱ्या मुलाची आठ वर्षांची बहीण ती पाहायला बसली. खलबत्ता कुटण्याचा आवाज तिचाच घेतलेला, त्यामुळे हक्काने बसली. रक्त दिसल्यावर म्हणाली, "सॉस आहे." अंधाराला हसली. पण आईने "कोण पाहिजे?" म्हटल्यावर ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि खऱ्या आईला चिकटून बसली. पुढे दोन रात्री झोपताना ती विचारत होती, "मला ओळखतेस ना?"

मुलं हे सांगताना आधी हसत होती, मग गप्प झाली. कारण पेच उघड होता. रक्ताचं दृश्य काढलं तर अकरा मिनिटांत आक्षेपार्ह असं काही दिसतच नाही, आणि 'यू' सहज मागता येतं. पण त्या मुलीला घाबरवलं ते रक्ताने नव्हतंच. मांडवात पुढच्या सतरंजीवर तर तिच्याहून लहान मुलं बसणार.

मी त्यांना सांगितलं ते असं. महोत्सवासाठी माहिती व नभोवाणी मंत्रालयाकडून सूट मागता येते. इंटरनेटवर टाकायची तर मंडळाचं प्रमाणपत्र लागत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवाले आपली वर्गवारी आपणच करतात, आणि त्या नियमांत भय हा हिंसेपासून वेगळा निकष म्हणून लिहिला आहे, याचं मला बरं वाटलं. पण मांडवात, चारचौघांसमोर दाखवायची तर प्रमाणपत्र हवं. लघुपटाला मोठी समिती नसते. १९८३ च्या नियमांत सल्लागार मंडळाचा एक सदस्य आणि एक तपासणी अधिकारी, त्यांत एक स्त्री असलीच पाहिजे, अशी तरतूद होती. आणि २०२३ मध्ये कायदा बदलून जुन्या 'यूए'चे तीन भाग झाले आहेत : ७+, १३+ आणि १६+. माझ्या मते गेल्या शंभर वर्षांत या कायद्यात झालेला हा सर्वांत शहाणपणाचा बदल आहे. आठ वर्षांचं मूल आणि पंधरा वर्षांचं मूल एकाच गोष्टीला घाबरत नाही, एवढं तरी त्यात मान्य झालं.

यावर मुलांनी तासभर वाद घातला. 'ए'वाला एकटा पडला. एकजण म्हणाली, ७+ मागू, मांडवात गर्दी होईल. दुसऱ्याने विचारलं, तुझी बहीण असती तर? शेवटी रक्ताचं दृश्य काढलं, कारण ते फिल्मला नको होतं, आणि तरीही अर्जात 'यूए १३+' लिहायचं ठरलं. मंडळ काय देईल ते मंडळ ठरवील. ते याहून सौम्य शेरा देईल असं मला वाटतं.

बहिणीला हे कळलं तेव्हा ती चिडली. आवाज माझा आणि मलाच बघायला बंदी? भावाने तिला समजावलं की 'यूए'मध्ये बंदी नसते, थिएटरवालासुद्धा अडवू शकत नाही, ठरवायचं ते आईवडिलांनी. मग ती आईकडे गेली. आईने सांगितलं, आधी मी एकटी बघते, मग सांगते.