बूट काढा, मगच आत या! पायाच्या मापाची आणि मानाची गोष्ट

१/१०
लग्नसराई किंवा नोकरीची मुलाखत जवळ आली की कामठ्याचा तरुण गोंदियाच्या बाजारात काळे बूट घ्यायला जातो. दुकानदार विचारतो, "नंबर किती?" उत्तर येते, "आठ." हा आकडा आला कोठून? त्याची कथा इंग्लंडातील जवाच्या दाण्यापासून सुरू होते आणि सुरतेच्या न्यायालयातून पुढे जाते.

२/१०
गावगाड्यात पादत्राणाला नंबर नव्हता. बलुतेदार चांभार गिऱ्हाइकाचे पाऊल पाहून वहाण बेतत असे आणि मोबदला धान्याच्या रूपाने मिळे. वहाण त्या एका पायासाठीच बनत असल्याने ती अंगावरच्या कपड्यासारखी बसे. मात्र जो कारागीर साऱ्या गावाचे पाय जपत होता, त्याच्याच वाट्याला अस्पृश्यता आली होती. हा विरोधाभास विसरून पादत्राणांचा इतिहास सांगता येत नाही.

३/१०
इंग्रजी राजवटीत जोड्याला राजकीय अर्थ आला. गोऱ्या अधिकाऱ्यासमोर एतद्देशीयाने जोडे काढावेत, असा दंडक होता. १८५४ मध्ये गव्हर्नर जनरलच्या सरकारने ठराव करून युरोपीय पद्धतीचे बूट घालणाऱ्यांना सरकारी प्रसंगी त्यातून सवलत दिली. याचा अर्थ उघड होता. देशी जोडा उंबऱ्याबाहेर राहणार होता आणि विलायती बूट आत येणार होता.

४/१०
१८६२. मुंबई इलाख्यातील सुरत. फौजदारी अदालतीतील असेसर माणकजी कावसजी एंटी यांनी सत्र न्यायाधीशासमोर जोडे काढण्यास नकार दिला. त्यांना न्यायालयात प्रवेश नाकारण्यात आला. त्यांनी थेट मुंबईच्या गव्हर्नरकडे निषेधाचे पत्र धाडले. देवघरात वा घरात जोडे काढणे ही एक रीत आहे. न्यायालय हे सार्वजनिक स्थान असल्याने तेथे तीच सक्ती का असावी, असा या वादातील भारतीयांचा सवाल होता.

५/१०
बूट अशा रीतीने प्रतिष्ठेचे चिन्ह ठरले आणि त्यासोबत विलायती मापही आले. इंग्रजी पद्धतीत एक इंच म्हणजे जवाचे तीन दाणे. एका नंबरातून दुसऱ्यात जाताना एका दाण्याची, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटरची वाढ होते. हे माप पायाचे नसून ज्या साच्यावर बूट चढवतात त्या कलबुताचे असते. पुरुषांचा आठ नंबर म्हणजे साधारण ११ इंचांचे कलबूत.

६/१०
या पद्धतीची उणीव येथेच आहे. नंबर लांबी सांगतो, रुंदी सांगत नाही. अमेरिकेत १९२० च्या दशकात चार्ल्स ब्रॅनॉक यांनी पावलाची लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतर एकत्र मोजणारे साधन तयार केले. भारतातील बहुतेक दुकानांत मात्र आजही रुंदीचा पर्याय मिळत नाही.

७/१०
१९३१ मध्ये बाटा कंपनी भारतात स्थापन झाली आणि पुढे कोलकात्याजवळ बाटानगर उभे राहिले. कारखान्यातील तयार बूट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले, हा मोठाच लाभ होता. पण पूर्वी कारागीर पायाप्रमाणे जोडा बेतत असे. आता पायालाच साच्याशी जुळवून घ्यावे लागले.

८/१०
चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली. भारतीय पाऊल युरोपीय-अमेरिकी पावलापेक्षा सामान्यतः रुंद असल्याचे आढळले. बूट आवळतो म्हणून अनेक जण एक नंबर मोठा घेतात. मग टाच सुटते आणि पायाला फोड येतात. यावर उपाय म्हणून 'भा' ही स्वतंत्र भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली.

९/१०
बेताच्या पैशांत बूट घेताना हा इतिहास उपयोगी पडतो.
• पाय दिवसभरात फुगतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी.
• दोन्ही पाय उभे राहून मोजावेत आणि मोठ्या पायाला प्रमाण मानावे.
• सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा हवी, आणि चालताना टाच उचलली जाऊ नये.
• रुंद पायाला ऑक्सफर्डपेक्षा डर्बी बरा, कारण त्याच्या नाडीच्या पट्ट्या मोकळ्या असून अधिक उघडतात.
• "वापरल्यावर सैल होईल" या आश्वासनावर विसंबू नये. चामडे थोडे ताणते, पण लांबी वाढत नाही.
• तळ शिवलेला असल्यास तो बदलून घेता येतो. एक साधा काळा डर्बी लग्न, मुलाखत आणि कचेरी या तिन्ही ठिकाणी चालतो.

१०/१०
१८६२ मध्ये जोडे पायात ठेवण्यासाठी एका माणसाला गव्हर्नरपर्यंत जावे लागले. आजच्या तरुणाला कोणी उंबऱ्यावर अडवत नाही. मुलाखतीच्या खोलीत तो बूट घालूनच शिरतो. त्या वेळी त्याचे लक्ष प्रश्नांवर असावे, चिमटणाऱ्या करंगळीवर नसावे. म्हणून दुकानात "आठ" म्हणण्याआधी त्याने एकदा पाऊल मोजून घ्यावे.