धुक्यातला दिवा खाली का असतो

फॉगलाइटचं कुठलंही किट घ्या. खोक्यात दोन दिवे, वायरिंगचा गुंता, डॅशबोर्डवर बसवायचं बटण, फ्यूज आणि बर्फीच्या तुकड्याएवढा एक काळा ठोकळा निघतो. तो रिले. त्याच्या बुडाला पाय असतात आणि पायांशी आकडे कोरलेले: ३०, ८५, ८६, ८७. सोबत कागद असलाच तर तो सांगतो की ३० फ्यूजमधून बॅटरीला, ८७ दिव्यांना, ८६ बटणाला, ८५ बॉडीला. एक-दोन-तीन-चार का नाही, हे तो सांगत नाही.

हे आकडे जर्मन आहेत. डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकाने मोटारीतल्या विजेच्या जोडांना क्रमांक देऊन ठेवले. ३० म्हणजे थेट बॅटरीचं धन टोक, ३१ म्हणजे अर्थ, १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी तार, ५५ म्हणजे फॉगलाइट. अशा जोडाला जर्मनमध्ये 'क्लेमे' म्हणतात. म्हणूनच हिंजवडीत बसून गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारी आमच्यासारखी मंडळी दिवसभर 'केएल फिफ्टीन ऑन, केएल थर्टी ऑफ' असं बोलत असतात. त्यातल्या किती जणांना 'केएल'चा अर्थ ठाऊक असतो, हे विचारू नये.

रिले हा शब्द मात्र घोड्यांचा. टपालाच्या वाटेवर ठरावीक टप्प्यांवर ताजे घोडे तयार ठेवत. दमलेला घोडा सोडायचा, नव्यावर बसायचं. आपल्याकडच्या डाकचौक्यांचं कामही तेच. १८३५च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्रीने हीच युक्ती विजेला लावली. लांबच्या तारेतून येताना प्रवाह क्षीण होतो, पण एक विद्युतचुंबक ओढण्याइतका जोर त्यात उरतो. तो चुंबक दुसऱ्या, ताज्या बॅटरीचं मंडल जोडतो. तारायंत्र दूरवर पोचलं ते यामुळे. गाडीत अंतर फूटभराचं असलं तरी अडचण त्याच जातीची असते. ५५ वॉटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर प्रवाह मागतात. एवढा प्रवाह बटणातून नेला तर बटणच वितळेल. रिले असला की बटणाला फक्त चुंबकापुरता, दीडशे-दोनशे मिलिअँपिअरचा भार. किटमधला सगळ्यात जुना शोध हा ठोकळा आहे, आणि 'याची काय गरज' म्हणून वगळला जातो तोही हाच.

घरी दिवे बसवणं हा नवा उद्योग नाही. सुरुवातीच्या कित्येक मोटारींबरोबर दिवे मिळतच नसत. गाडी घ्यायची, दिवे वेगळे. बर्मिंगहॅमचे लुकास आधी सायकलींचे दिवे करत. लिपस्टाटची, पुढे 'हेला' नावाने प्रसिद्ध झालेली कंपनी १८९९मध्ये निघाली ती घोडागाड्यांचे दिवे-भोंगे करायला. आफ्टरमार्केट हे मार्केटच्या आधीचं आहे म्हणायला हरकत नाही. ते दिवे अॅसिटिलीनचे. कॅल्शियम कार्बाइडवर (आंबे पिकवायला चोरून वापरतात तोच) पाणी ठिबकवायचं, निघालेला वायू पेटवायचा. १९१०च्या दशकात विजेचे दिवे आले, ते दरवर्षी प्रखर होत गेले, आणि धुक्याची अडचण तेव्हाच कळली. उजेड वाढवला की धुक्यात कमी दिसतं.

इथे पिवळ्या रंगाची गोष्ट सुरू होते. १९३६मध्ये फ्रान्सने ठरवलं की गाड्यांचे पुढचे दिवे पिवळेच हवेत. नुसते धुक्याचे नाही, सगळेच. पुढच्या वर्षापासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं आणि १९९३मध्ये युरोपचे नियम एक होईपर्यंत फ्रेंच रस्ते रात्री पिवळे राहिले. इंग्लंडहून येणारे प्रवासी आपल्या दिव्यांना पिवळा रंग फासून बोटीत बसत. युद्ध झालं तर जर्मन गाडी दुरूनच ओळखता यावी म्हणून हा नियम केला, अशी एक लोककथा आहे. ऐकायला छान आहे. त्या वेळी दिलेलं कारण साधं होतं: दिव्यातला निळा-जांभळा भाग गाळला की समोरच्याचे डोळे कमी दिपतात.

त्यात थोडं तथ्य आहे. निळसर प्रकाश डोळ्यांना जास्त खुपतो. पण त्यातूनच 'पिवळा प्रकाश धुकं भेदतो' ही समजूत जगभर रुजली, आणि ती चूक आहे. युक्तिवाद रेलेचा असतो: आकाश निळं दिसतं कारण निळा प्रकाश जास्त विखुरतो, तेव्हा निळा काढून टाका. पण रेलेचं गणित तरंगलांबीपेक्षा खूप लहान कणांसाठी आहे. हवेचे रेणू तसे असतात. धुक्याचा थेंब साधारण दहा मायक्रॉनचा, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या वीसपट. एवढ्या थेंबांचं गणित १९०८मध्ये गुस्टाव्ह मी याने मांडलं: ते सगळ्या रंगांना जवळपास सारखंच उधळतात. पुरावा डोळ्यांसमोर आहे. धुकं पांढरं असतं.

रंग नाही, तर काम करते ती जागा. धुक्यात आपल्याला आंधळं करतो तो आपलाच उजेड. डोळ्यांसमोरच्या थेंबांवर आपटून परत येणारा. झोत जितका नजरेच्या रेषेजवळ, तितकी ही पांढरी भिंत दाट. म्हणून दिवा डोळ्यांपासून जमेल तितका खाली न्यायचा, झोत आडवा पसरट करायचा आणि वर जाणारा उजेड कापून टाकायचा. डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर पाच दिवस विषारी धुरकं बसलं तेव्हा कंडक्टर हातात दिवा घेऊन बसच्या पुढे चालत होते. उजेड चालकापासून दूर, जमिनीजवळ. फॉगलाइटचं सगळं तत्त्व त्या पायी चालणाऱ्या कंडक्टरमध्ये आहे.

पुढे हे नियमांत उतरलं. १९५८च्या जिनिव्हा करारातून वाहनांच्या भागांचे जे नियम निघाले, त्यांतला १९ क्रमांकाचा पुढच्या फॉगलाइटचा. रंग पांढरा चालेल, पिवळाही चालेल. त्यावर आग्रह नाही. आग्रह आहे तो झोताच्या वरच्या कडेवर. दिवा कुठे बसवायचा हे ४८वा नियम सांगतो: कारच्या बाबतीत जमिनीपासून २५०पेक्षा कमी नाही, ८०० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. आपलं मानकही त्याच वळणाचं आहे, आणि १९८९चे केंद्रीय मोटार वाहन नियम पुढच्या बाजूला स्पॉटलाइट लावायला मनाई करतात. वर जाणारा उजेड नको, हे आपल्याला ठाऊक नव्हतं असं नाही. अँबॅसिडरच्या, ट्रकच्या हेडलाइटवर वरच्या भागात काळा रंग किंवा मधोमध काळा ठिपका असायचा, तो याच विचाराचा.

आता मात्र उलट चाललं आहे. महाराष्ट्रात फॉगलाइट थंडीपेक्षा जूनमध्ये खपतात, कारण आंबोलीला, माळशेजला, ताम्हिणीत पावसाळ्यात ढगच रस्त्यावर उतरतात. दुकानात विचारणा होते ती एकाच गोष्टीची: किती वॉट, किती लांब जातो? मग एलईडीचा चौकोनी ठोकळा, ज्याच्या झोताला वरची कडच नाही, बोनेटच्या उंचीवर किंवा थेट टपावर चढतो. पिवळी फिल्म लावली की तो फॉगलाइट. ढगात शिरल्यावर त्याचा मालक पांढऱ्याऐवजी पिवळ्या भिंतीकडे बघतो, आणि वळणावर समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला कठडा दिसत नाही. ही दुसरी गोष्ट मला क्षम्य वाटत नाही. स्वतः आंधळं होणं हौसेत धरता येईल. घाटात दुसऱ्याला आंधळं करणं नाही.

घरी बसवायला माझी हरकत नाही, उलट बसवावेतच. बंपरच्या खालच्या खाचेत, कड असलेले, रिले आणि फ्यूजसकट. पण वायर जोडून दिवा लागला की काम संपतं असं धरलं जातं, आणि उरलेलं अर्धं कुणी करत नाही. गाडी सपाट जागी भिंतीसमोर दहा मीटरवर उभी करायची, दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीला चिकटपट्टी लावायची आणि दिव्यामागचा स्क्रू फिरवून झोताची वरची कड पट्टीच्या दहा-वीस सेंटिमीटर खाली आणायची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंत मिळते, दहा मीटर मिळत नाहीत. मग पाच मीटरवर उभं राहायचं आणि पाच-दहा सेंटिमीटर धरायचे.