डिग्री नसलेला मास्तर

शनिवार सकाळ, ऑफिसचा लॅपटॉप बॅगेत, चहा हाताशी. म्हणजे लिहायला हरकत नाही.

विषय सुचला तो कँटीनमध्ये. आमच्या टीममधली टेक्निकल रायटर नवऱ्याच्या ऑनसाईटमुळे तोक्योला चाललीय. बीए इंग्लिश, भाषा उत्तम, शिकवायची दांडगी हौस. म्हणून तिथल्या विद्यापीठांच्या जाहिराती बघत बसली होती आणि जवळजवळ सगळीकडे पहिलीच अट, मास्टर्स हवं. वर छापलेले शोधनिबंधही हवेत. "बीएवाल्याला दारातसुद्धा उभं करत नाहीत रे," म्हणाली. मी म्हटलं, त्याच तोक्योत बीएसुद्धा नसलेला एक माणूस सात वर्षं इंग्रजी साहित्य शिकवत होता. तिला वाटलं मी फेकतोय. तर मंडळी, हा घ्या पुरावा.

त्याचं नाव लाफ्कादिओ हर्न. जन्म १८५० चा, ग्रीसमधल्या लेफ्काडा बेटावर. आई ग्रीक, बाप ब्रिटिश फौजेतला आयरिश डॉक्टर. लग्न मोडलं, आई परत ग्रीसला गेली, बाप दुसऱ्या बायकोला घेऊन थेट हिंदुस्थानात नोकरीला! पोरगं वाढलं डब्लिनला, बापाच्या मावशीकडे. शाळेत खेळताना डावा डोळा गेला. पुढे मावशीआजीचे पैसे बुडाले आणि शिक्षण तिथेच थांबलं. १८६९ साली रिकाम्या खिशाने अमेरिकेत सिनसिनाटीला पोचला. तिथे आणि नंतर न्यू ऑर्लीन्सला मिळून पंधराएक वर्षं वर्तमानपत्रांत घासली. युनिव्हर्सिटीची पायरी काही चढला नाही.

१८९० मध्ये हार्पर्ससाठी लेख लिहायला तो जपानला आला. बरोबरच्या चित्रकाराला आपल्यापेक्षा जास्त पैसे मिळतात हे कळल्यावर भडकला आणि करार मोडून मोकळा झाला. (हे वाचून कुणाकुणाला आपलं अप्रेझल आठवलं?) आता परक्या देशात, चाळिशीत, बेकार. करणार काय?

इथे त्या काळचं जपान समजून घ्यायला हवं. १८६८ नंतर मेइजी सरकारने परदेशी तज्ज्ञ भाड्याने आणायचा सपाटा लावला होता. त्यांना म्हणायचे 'ओयातोई'. रेल्वे, कायदा, डॉक्टरकी, इंग्रजी, सगळ्याला बाहेरची माणसं. पगार घसघशीत, पण हेतू अगदी स्पष्ट. आमच्या पोरांना शिकवा, मग ती तुमची जागा घेतील आणि तुम्ही घरी. आपल्या भाषेत नॉलेज ट्रान्सफर! आमच्याकडे क्लायंटची माणसं समोर बसून केटी घेतात तेव्हा पोटात जे होतं, ते तेव्हाही होत असणार.

हर्नच्या मदतीला आला बेसिल हॉल चेंबरलेन. हा तोक्योच्या विद्यापीठात जपानी भाषेचा प्राध्यापक. इंग्रज माणूस जपान्यांना जपानी शिकवतोय, तेही पुन्हा डिग्रीशिवाय. ऑक्सफर्डला जायचं राहून गेलेला, बेअरिंग्ज बँकेत नोकरी करून प्रकृती बिघडल्यावर बाहेर पडलेला माणूस. त्याने शब्द टाकला आणि हर्नला मात्सुए नावाच्या लहान गावातल्या शाळेत नोकरी लागली, महिना १०० येन. तिथे त्याने सामुराई घराण्यातल्या सेत्सु कोइझुमीशी लग्न केलं. १८९१ मध्ये कुमामोतोला, २०० येनवर. मग काही काळ कोबेला पुन्हा पत्रकारी. या सगळ्यात जपानवरची त्याची पुस्तकं अमेरिकेत निघत होती आणि नाव होत होतं.

ती कीर्ती पाहूनच तोक्यो इम्पीरियल युनिव्हर्सिटीच्या साहित्य शाखेचे प्रमुख तोयामा मासाकाझु यांनी त्याला १८९६ मध्ये बोलावलं. पगार ४०० येन. त्याच वर्षी बायकामुलांना आपल्यामागे वारसाहक्क मिळावा म्हणून त्याने जपानी नागरिकत्व घेतलं. नाव झालं कोइझुमी याकुमो.

शिकवायचा कसा? हातात टिपणं जवळजवळ नाहीतच. सोपं इंग्रजी, हळू बोलणं, म्हणजे पोरांना शब्दन् शब्द उतरवून घेता यावा. त्या वह्यांतूनच कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या जॉन अर्स्किनने १९१५ मध्ये दोन जाडजूड खंड काढले. डिग्री नसलेल्या मास्तरच्या लेक्चर्सचं संपादन डिग्रीवाल्या प्राध्यापकाने करावं, ही मजा मला फार आवडते.

पण ही गोष्ट इथे संपत नाही. मैत्रिणीलाही मी इथवरच सांगून मोठेपणा घेतला होता, म्हणून उरलेली आता सांगतो.

तोयामा १९०० साली वारले. हर्नला आणणारा माणूस गेला. हर्न मुळात एकलकोंडा, सहकाऱ्यांत फारसा मिसळायचा नाही, त्यामुळे आत त्याचं असं कुणी उरलंच नाही. १९०३ च्या सुरुवातीला पत्र आलं, ३१ मार्चनंतर करार नाही. ओयातोईंचे दिवस भरत आले होते, परदेशी शिकून आलेले जपानी तरुण तयार होते. आणि कागदोपत्री तर हर्न आता परदेशीही नव्हता! मग परदेशी माणसाचा पगार कशासाठी द्यायचा? विद्यार्थ्यांनी मोठा गोंधळ घातला. तेव्हा विद्यापीठाने तास कमी करून ठेवून घ्यायची तयारी दाखवली. हर्नने नकार दिला.

त्याची जागा तिघांत वाटली गेली. त्यातला एक नुकताच लंडनहून परतलेला नात्सुमे सोसेकी, पगार वर्षाला ८०० येन. हर्नचे वर्षाचे ४८०० होत होते, यावरून हिशोब करा. बिचाऱ्या सोसेकीचे हाल झाले. पोरं हर्नच्या आठवणीत, आणि हा वर्गात 'सायलस मार्नर' घेऊन उच्चार आणि व्याकरण तपासतोय. १९०७ मध्ये नोकरी सोडून तो वर्तमानपत्रात गेला आणि जपानचा सर्वात मोठा कादंबरीकार झाला. १९११ मध्ये सरकारने डॉक्टरेट देऊ केली, ती त्याने सरळ नाकारली. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

हर्नला १९०४ मध्ये वासेदा विद्यापीठात काम मिळालं. काहीच महिने. २६ सप्टेंबर १९०४ ला हृदयविकाराने गेला, वय ५४.

काल मैत्रिणीला हा उत्तरार्धही सांगितला. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे मला आधी एक चेंबरलेन शोधायचा, मग एक तोयामा, आणि तो तोयामा मरू द्यायचा नाही." मी म्हटलं, साधारण असंच. चहा संपवून ती जागेवर गेली. संध्याकाळी बाहेरून एमए करायच्या फॉर्मची शेवटची तारीख विचारणारा तिचा मेसेज आला.